शिडाच्या जहाजातून ग्रीसची बेटे : कापसाच्या गावाहून निघणाऱ्यांसाठी

"समुद्रात जायाले सातबारा कायले पाहिजे जी, गुरुजी?" हा आमच्या इवायांचा, म्हणजे व्याह्यांचा, पहिला प्रश्न होता. मी तेव्हा हसलो, पण पुढे पाच महिने आम्ही दोघांनी बहुतांश वेळ त्या सातबाऱ्याच्याच मागे घालवला. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावचा निवृत्त शिक्षक आहे. व्याही निव्वळ शेतकरी आहेत आणि कपाशी, तूर, हरभरा एवढेच त्यांचे उत्पन्न आहे. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघे आणि आमच्या सौभाग्यवती अशा चौघांनी ग्रीसच्या आग्नेय कोपऱ्यातील दोदेकानीज बेटांमध्ये लाकडी शिडाच्या जहाजावर एक आठवडा काढला. आमच्यापैकी तिघांनी या तयारीला लागण्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही समुद्राने आम्हाला फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला तो चुकीच्या क्रमाने केलेल्या कामांनी. म्हणून या लेखात कामे ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने मांडली आहेत.

दोदेकानीज या नावाचा अर्थ 'बारा बेटे' असा आहे, पण लहानमोठी धरून ती बारापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. ऱ्होड्स, कॉस, सिमी, निसिरोस, तिलोस, पात्मोस ही त्यांतली आपल्या उपयोगाची नावे. तुर्कस्तानचा किनारा यांच्या इतका जवळ आहे की कॉसच्या धक्क्यावरून पलीकडची घरे दिसतात. ही जवळीक नकाशावर सुंदर दिसते आणि व्हिसाच्या अर्जात घोटाळा करते. त्याविषयी चौथ्या पायरीत लिहिले आहे.

१. तारीख पिकाकडे पाहून ठरवा

या बेटांवर जहाजांचा हंगाम साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा जोरदार कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असूनही समुद्र खवळलेला असतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या महिन्यांच्या वाटेला जाऊ नये. तसेही जुलैत आपल्याकडे डवरणी आणि निंदण सोडून कोण निघणार? ऑक्टोबरमध्ये सोयाबीन आणि पहिली वेचणी असते. उरतो तो मे महिना. गहू-हरभरा घरात आलेला असतो, मतदान असेल तर तेही आटोपलेले असते (आम्ही २६ एप्रिलला मत देऊन निघालो), आणि रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या सुमारास, परत येता येते. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना तिथे पंचवीस अंशांच्या आसपास हवा असते. समुद्राचे पाणी मात्र मेमध्ये अजून गार असते.

एक गोष्ट कॅलेंडरात आधीच पाहून ठेवा. ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. २०२४ साली तो ५ मे रोजी होता आणि २०२७ साली २ मे रोजी आहे. त्या आठवड्यात सारे ग्रीस आपापल्या गावी जाते, त्यामुळे फेऱ्या भरलेल्या असतात आणि दुकाने बंद असतात. आम्ही ईस्टर उलटू दिला आणि शनिवार ११ मे ते शनिवार १८ मे असा आठवडा घेतला. ही जहाजे बहुधा शनिवार ते शनिवारच चालतात.

तयारीला सात महिने धरा. दसऱ्याला ठरवले तर मे महिना गाठता येतो. संक्रांतीनंतर ठरवले तर धावपळ होते.

२. पासपोर्टच्या आधी नावे जुळवा

विदर्भातल्या घरांत एकाच माणसाची तीन नावे असतात, ही गोष्ट आपण विसरून गेलेले असतो. शाळेच्या दाखल्यावर 'वामन', आधारवर 'वामनराव', सातबाऱ्यावर 'वामनराव महादेवजी'. आपण आदराने लावलेले 'राव' आणि 'जी' परदेशी अधिकाऱ्याला वेगळा माणूस वाटू शकतात. बायकांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि मागे लावलेले 'बाई' असा आणखी गुंता होतो. म्हणून अर्ज भरण्याआधी आधार, पॅन, बँक पासबुक आणि सातबारा समोर मांडून ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंगसकट जे नाव पासपोर्टवर हवे ते ठरवा. दुरुस्ती आधी आधार आणि बँकेत करावी, कारण सातबाऱ्यावरील नावाची दुरुस्ती तलाठी कार्यालयात जाऊन करायची असते आणि तिला वेळ लागतो. ती वेळेत झाली नाही तर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र जोडावे. आम्ही तेच केले.

पासपोर्टसाठी ऑनलाइन अर्ज करून भेटीची वेळ घ्यावी लागते. नागपूरच्या केंद्राखेरीज काही ठिकाणी टपाल कार्यालयातही ही सोय आहे. छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये असून साठीच्या पुढील व्यक्तीला नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत मिळते. पोलीस पडताळणीला शिपाई घरी येईल तेव्हा तुम्ही शेतावर असाल, तर घरच्यांना तसे सांगून ठेवा. 'घरी नाहीत' एवढ्या शेऱ्यावर अर्ज अडकतो.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येऊ शकतो. आमच्या विहीणबाईंच्या पासपोर्टवर तो आला आणि घरात दोन दिवस चिंता पसरली. हा शेरा काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांकरिता असतो. पर्यटनासाठी ग्रीसला जाणाऱ्याला त्याची अडचण येत नाही.

३. जहाज निवडताना छायाचित्र नव्हे, करार वाचा

शिडाचे जहाज म्हटले की तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. पहिली म्हणजे मोठी शिडाची प्रवासी जहाजे. 'स्टार फ्लायर' हे १९९१ साली बांधलेले चार डोलकाठ्यांचे जहाज सुमारे १७० प्रवासी नेते. 'रॉयल क्लिपर'ला पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडे आहेत. दुसरी म्हणजे रुंद बुडाची, दोन डोलकाठ्यांची लाकडी जहाजे, ज्यांना त्या भागात 'गुलेत' म्हणतात; यांवर थोड्याच खोल्या असतात, कप्तान, स्वयंपाकी आणि खलाशी बरोबर असतात, आणि तुम्ही एकच खोली घेऊ शकता. तिसरी म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची नौका, जिला परवाना लागतो. तिचा विचारसुद्धा करू नका. आम्ही दुसरा प्रकार निवडला, आणि चार माणसांच्या कुटुंबासाठी मी अजूनही तोच सुचवेन, कारण दोन दिवसांत कप्तानाला तुमचे नाव आणि स्वयंपाक्याला तुमची चहाची वेळ कळते.

फसगत होते ती 'शिडाचे' या शब्दाने. गुलेतचा बराचसा प्रवास इंजिनावर होतो आणि वारा अनुकूल असेल तेव्हाच शिडे उघडतात. आमच्या सात दिवसांत शिडे चार वेळा उघडली. त्यात एका दुपारी इंजिन पूर्ण बंद होते आणि सुमारे दोन तास पाण्याच्या आवाजाखेरीज काहीच ऐकू येत नव्हते. त्या दोन तासांसाठी मी पुन्हा पैसे भरीन, पण सातही दिवस तसेच जातील अशा समजुतीने गेलात तर भांडण करून याल.

पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यायचे ते असे: बंदरशुल्क आणि डिझेल भाड्यात आहे की वेगळे; जेवण किती वेळचे; शौचालय खोलीला जोडून आहे का; जहाज कोणत्या देशातल्या बंदरातून सुटते आणि कोणत्या देशात थांबते; आणि सर्वांत महत्त्वाचे, व्हिसा नाकारला गेला तर पैशांचे काय. आम्हाला आगाऊ रक्कम भरून जागा राखता आली आणि उरलेले पैसे व्हिसानंतर देता आले. सगळे पैसे आधीच मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे.

आमचा विमान, व्हिसा, जहाज आणि मागच्यापुढच्या हॉटेलांसह माणशी खर्च तीन लाखांच्या आतबाहेर झाला. टूर कंपनीमार्फत पॅकेज घेतले तर वर टीसीएस नावाची, म्हणजे आगाऊ आयकराची, रक्कम कापली जाते. तिचे दर बदलत असतात, म्हणून त्या दिवशीचा दर विचारा आणि दाखला मागून घ्या. ही रक्कम आयकर विवरणपत्र भरून वजावट किंवा परतावा म्हणून मिळवता येते. विवरणपत्र न भरणाऱ्याचे पैसे तिथेच राहतात.

४. व्हिसा : एकदाच प्रवेश की अनेकदा

ग्रीस शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतो. प्रवासाच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो व्हायलाच हवा. मेसाठी फेब्रुवारी हा योग्य महिना. आमच्या वेळी प्रौढांचे शुल्क ८० युरो होते, ते ११ जून २०२४ पासून ९० युरो झाले. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे शुल्क त्यावर वेगळे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, दुसऱ्या कोणालाही पाठवता येत नाही.

आता तो घोटाळा. आम्हाला पहिल्यांदा आवडलेले जहाज तुर्कस्तानातील बोद्रुमहून सुटून ग्रीक बेटांना जाऊन परत बोद्रुमला येणारे होते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दलालाने "सगळे एकाच व्हिसावर होते" असे छातीठोकपणे सांगितले. तसे होत नाही. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळू शकतो, हे खरे. पण खरी अडचण उलट्या दिशेने येते. तुमच्या शेंगेन व्हिसावर 'एकदाच प्रवेश' असे असेल, तर कॉसहून सकाळच्या बोटीने सहज म्हणून बोद्रुमला गेलेला माणूस संध्याकाळी कॉसला परत येऊ शकत नाही. त्याचे कपडे, औषधे आणि परतीचे विमान अलीकडच्या काठावर राहते. बोद्रुम म्हणजे प्राचीन हालिकार्नासस, जिथे जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक समाधी होती, त्यामुळे मोह होतोच. तो होणार असेल तर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि प्रवासपत्रिकेत कारण दाखवा. नाहीतर ग्रीसमध्येच सुरू होऊन ग्रीसमध्येच संपणारे जहाज घ्या. आम्ही दुसरे केले.

५. कागदपत्रे, विशेषतः शेतकऱ्याची

सर्वांना लागणारी कागदपत्रे पुढीलप्रमाणे:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट
- भरलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरची ताजी छायाचित्रे
- किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा
- विमानाचे आरक्षण, जहाजाचे सर्व प्रवाशांची नावे असलेले पत्र, जहाजाच्या आधीच्या व नंतरच्या रात्रींची हॉटेले
- बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे, उत्पन्नाचे पुरावे
- कोण, कुठे, किती दिवस आणि कोणाच्या खर्चाने जात आहे हे सांगणारे एका पानाचे पत्र

माझे काम सोपे होते: निवृत्तिवेतनाचा आदेश आणि दर महिन्याला एकाच तारखेला जमा होणारी रक्कम. व्याह्यांच्या खात्याचे चित्र मात्र वेगळे होते. वर्षभर कोरडे, मधूनच 'पीएम किसान'चे दोन हजार, जूनमध्ये पीककर्ज, आणि डिसेंबर-जानेवारीत कापूस विकला की एकदम मोठी रक्कम. आपल्याला हे नैसर्गिक वाटते. व्हिसा तपासणाऱ्याला मात्र प्रवासाच्या तोंडावर उसनी आणून टाकलेली रक्कम अशीच दिसते, आणि त्याला कपाशीचा हंगाम कधी असतो हे कोणी शिकवलेले नसते. म्हणून प्रत्येक मोठ्या जमेसमोर कागद हवा: बाजार समितीची किंवा जिनिंगची काटापट्टी आणि हिशेबपट्टी, तारीख आणि रक्कम खात्याशी जुळणारी. काही भाग रोखीने आणि काही खात्यात घेण्याची सवय त्या वर्षापुरती सोडा. सगळा चुकारा खात्यातच घ्या. पीककर्जाची जमा उत्पन्न म्हणून दाखवू नका, ते कर्ज आहे असे पत्रात सरळ लिहा.

सातबारा आणि आठ-अ डिजिटल स्वाक्षरीचे काढा आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून जोडा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आपल्यातले बहुतेक जण विवरणपत्र भरतच नाहीत, पण शेतीचे उत्पन्न दाखवणारे शून्य कराचे विवरणपत्र भरता येते, आणि दोन-तीन वर्षांची अशी विवरणपत्रे फाइलला जे वजन देतात ते तहसीलदारांच्या दाखल्याने येत नाही. पुढच्या वर्षी जायचे असेल तर यंदापासूनच भरा. सातबारा कशाला, या व्याह्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते: तुमच्याकडे परत येण्यासारखे काही आहे हे तो कागद सांगतो. पत्रात आम्ही "जूनमध्ये पेरणी असल्याने २१ मेपर्यंत गावी परतणे आवश्यक आहे" असे एक वाक्य घातले होते. ते शंभर टक्के खरे होते.

त्याच दलालाने व्याह्यांना "दहा दिवसांकरता तीन लाख खात्यात टाकून देतो, व्याज तेवढे द्या" असेही सुचवले होते. हा सल्ला ऐकू नका. व्हिसा नाकारला जाण्यासाठी यापेक्षा खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

६. मुंबईच्या फेरीतच समुद्राची परीक्षा घ्या

ठसे द्यायला विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो तेव्हा आम्ही एक दिवस जास्त ठेवला आणि गेटवेहून घारापुरीला लाँचने गेलो. सुमारे तासाभराचा प्रवास आहे. सोमवारी लेणी बंद असतात. बंदराच्या आतले पाणी शांत असल्यामुळे ही परीक्षा सोपीच आहे, पण कोणाला मळमळते हे तिथेही कळते. माझ्या पत्नीला कळले. गावच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि एक सूचना केली जी लक्षात ठेवण्यासारखी आहे: गोळी जहाज सुटण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. गोळीने झोप येते, म्हणून ती आपल्या मनाने न घेता विचारूनच घ्यावी. रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह लिहून घ्या.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी एक शब्द. विहिरीत दोन हात मारले की कठडा हाती लागतो. समुद्रात तसे काही नाही. तिथले पाणी महासागरापेक्षाही खारट असल्यामुळे अंग सहज तरंगते, आणि नेमक्या याच कारणाने माणूस नकळत लांब जातो. जहाजावर तरंगण्याची जाकिटे असतात. ती घालून उतरण्यात कमीपणा नाही. व्याही पहिल्या दिवशी जाकिटाशिवाय उतरले आणि दुसऱ्या दिवशी न सांगता घालून आले.

७. पिशवी भरताना

कडक सूटकेस नेऊ नका. जहाजाच्या खोलीत ती ठेवायला जागा नसते. घडी होणारी कापडी बॅगच हवी. आपल्या चार्जरची दोन गोल टोकांची पिन तिथल्या खाचेत बहुधा बसते, तीन टोकांची बसत नाही. टोपीला गळ्याखाली बांधायची नाडी हवी, नाहीतर ती पहिल्याच वाऱ्यात समुद्राला अर्पण होते. आपला पांढरा दुपट्टा सगळ्यांत उत्तम.

उन्हाविषयी आपल्याला कोणी शिकवू नये असे वाटते, कारण खिशात कांदा घेऊन चैत्र-वैशाख काढलेली आपण माणसे आहोत. पण समुद्रावर ऊन वरून आणि पाण्यावरून उलटून असे दोन्हीकडून लागते, आणि वाऱ्यामुळे घाम येत नाही म्हणून ते कळतच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हनुवटीखालची कातडी सोलली होती. टोपी हनुवटीखाली सावली देत नाही.

खाण्याचे काय न्यावे यात मोठी चूक होते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खव्याचे पेढे आणि आपली संत्रा बर्फी घरीच राहू द्या. ताजी संत्रीही नकोत, कारण बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. जवसाची चटणी, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे कूट नीट बंद करून नेले तर काही अडत नाही. जवसाची चटणी आमच्या स्वयंपाक्यालाही आवडली. तो ती ऑलिव्ह तेलात कालवून पावाला लावायचा.

८. तिथवर पोहोचणे

आम्ही मुंबईहून मध्ये एकदा विमान बदलून अथेन्सला गेलो, आणि अथेन्सहून देशांतर्गत विमानाने तासाभरात कॉस किंवा ऱ्होड्स. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान अथेन्सला उतरवून पुन्हा जमा करावे लागते, म्हणून मध्ये पुरेसा वेळ ठेवा. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बेटावर पोहोचा. जहाज कोणासाठी थांबत नाही. आम्ही गेलो तेव्हा पासपोर्टवर शिक्का मारत होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्यामुळे रांगेला जास्त वेळ धरा.

९. जहाजावरची शिस्त

धक्क्यावरून जहाजावर जायला एक अरुंद फळी असते. धुऱ्यावरून डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाला ती अवघड नाही, पण साडी नेसून चढणे जोखमीचे आहे. आमच्या दोघी जहाजावर पंजाबी ड्रेस वापरत आणि बेटावर उतरताना साडी. चपला फळीपाशीच एका टोपलीत काढायच्या असतात, आपल्या घरच्यासारख्याच.

पाणी टाकीतले असते आणि ते आठवडाभर पुरवायचे असते. विहिरीला मार्चमध्ये तळ दिसलेल्या घरातल्यांना हे सांगावे लागत नाही. एका बादलीत अंघोळ करण्याची सवय इथे कामी येते. शौचालयात कागद टाकायचा नाही, तो शेजारच्या डब्यात टाकायचा. नळी बारीक असते आणि तुंबली तर सगळ्या जहाजाला कळते. रात्री जनित्र बंद होते, म्हणून फोन संध्याकाळीच चार्ज करा.

दोन गोष्टींत मात्र जीव आहे. शीड फिरते तेव्हा त्याच्या खालची आडवी काठी डोक्याच्या उंचीवरून झपकन येते. कप्तानाने हाक दिली की प्रश्न न विचारता खाली बसा. दुसरी गोष्ट दोराची: जमिनीवर पडलेल्या दोराच्या वेढ्यात पाय ठेवू नका आणि ताणलेला दोर हाताला गुंडाळू नका. बैल उधळल्यावर हाताला कासरा गुंडाळलेल्या माणसाचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला कारण विचारावे लागणार नाही. मळमळू लागले तर खोलीत जाऊन झोपू नका. वर उघड्यावर बसा आणि क्षितिजाकडे पाहा.

कप्तान वाऱ्याप्रमाणे मार्ग बदलतो. आमचे तिलोस बेट असेच राहून गेले. तिथल्या गुहेत ठेंगण्या हत्तींचे अवशेष सापडले आहेत आणि मला ते बेट पाहायचे होते, पण करारात हा अधिकार कप्तानाचाच असतो. त्याच्याशी वाद घालू नये.

१०. शाकाहारी माणसाचे जेवण

'मी शाकाहारी आहे' एवढे सांगून भागत नाही. ग्रीक लोकांच्या उपवासाच्या जेवणाला 'निस्तिसिमो' म्हणतात. त्यात मांस, अंडी आणि दूध नसते, आणि हा शब्द बेटावरच्या म्हातारीलाही कळतो. आम्ही तो पाठ केला आणि खूश झालो, पण तिसऱ्या दिवशी ताटात माकूळ आले. त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालते. तेव्हा शब्द वापरा आणि त्यापुढे 'समुद्रातलेही काही नको' हे जोडा.

मग खाण्यासारखे पुष्कळ आहे. पिवळ्या डाळीचा घट्ट 'फावा' म्हणजे फोडणी न दिलेले आपले वरण. 'होर्ता' म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि तेल. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात मागताना खिम्याशिवायचा मागा. ऱ्होड्सला हरभऱ्याची 'पितारूद्या' नावाची भजी मिळतात. विहीणबाईंनी एक तोंडात टाकून "कांदा कमी पडला" असा निकाल दिला आणि मग सहा खाल्ली.

११. बेटांवर काय पाहावे

प्रत्येक बंदरात चार-पाच तासच मिळतात, म्हणून सगळे पाहण्याचा हट्ट सोडा.

कॉसला आस्क्लेपिऑन पाहा. शहरापासून सुमारे चार किलोमीटरवर डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले हे प्राचीन आरोग्यमंदिर आहे. पाश्चात्त्य वैद्यकाचा जनक मानला जाणारा, इ. स. पू. ४६० च्या सुमारास जन्मलेला हिपोक्रेटिस याच बेटाचा. शहरात एक जुने झाड दाखवून 'याखाली तो शिकवायचा' असे सांगतात. ते झाड सुमारे पाचशे वर्षांचे आहे. श्रद्धेने पाहा आणि पुढे चला.

निसिरोस हा एक ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पोटात 'स्टेफानोस' नावाचे सुमारे ३०० मीटर रुंदीचे विवर आहे, ज्यात माणसाला चालत उतरता येते. लोणारच्या काठावर उभे राहिलेल्या आपल्या माणसाला आकाराने ते छोटेच वाटते. फरक असा की लोणार उल्केच्या आघाताने झाले आणि आता शांत आहे, इथे मात्र पायाखाली वाफ फसफसते आणि गंधकाचा वास येतो. पातळ चपला घालू नका, पिवळ्या कडांजवळ जाऊ नका, आणि दुपार टाळा.

सिमीच्या बंदरावर पिवळ्या-गेरू रंगाच्या घरांची उतरंड आहे. समुद्रातले स्पंज काढण्याच्या धंद्यावर हे गाव श्रीमंत झाले होते. ८ मे १९४५ रोजी या बेटांवरील जर्मन सैन्याने शरणागतीचा कागद इथेच सही केला. वरच्या गावात जाणाऱ्या पायऱ्या पाचशेच्या घरात आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच कॉफी घ्यावी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला पानोर्मितिसचा मठ आहे, तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीतल्या आमच्या दोघींना सरळ आत सोडले आणि अर्ध्या चड्डीतल्या मला परत पाठवले.

ऱ्होड्सला मात्र पूर्ण दिवस द्या, शक्य असेल तर जहाज सोडल्यानंतर एक रात्रही. १३०९ पासून १५२२ पर्यंत हे सेंट जॉनच्या सरदारांचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे, ठाणे होते. १४८० चा तुर्की वेढा त्यांनी परतवला. १५२२ साली सुलतान सुलेमानाने सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर घेतले तेव्हा ते वाटाघाटी करून निघून गेले आणि पुढे माल्टाला स्थिरावले. त्यांनी बांधलेली तटबंदी सुमारे चार किलोमीटर लांब आहे आणि १९८८ पासून जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे. चंद्रपूरचा परकोट याहून पुष्कळ लांब आहे हे व्याह्यांनी वाटाड्याला सांगितले. त्याने चंद्रपूर कुठे आहे हे वहीत लिहून घेतले. सरदारांचा राजवाडा पाहताना एवढे ध्यानात ठेवा की १८५६ साली बंदुकीच्या दारूच्या स्फोटात तो उद्ध्वस्त झाला होता आणि आज दिसणारी बरीचशी इमारत इटलीच्या राजवटीत उभी केलेली आहे. १९१२ ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही बेटे इटलीकडे होती. ग्रीसमध्ये ती १९४७ च्या तहाने आणि १९४८ च्या विलीनीकरणाने आली. 'कोलोसस' हा जगप्रसिद्ध महाकाय पुतळा शोधत फिरू नका. तो इ. स. पू. २२६ च्या भूकंपात पडला आणि नेमका कुठे उभा होता हे आजही ठरलेले नाही.

१२. परतल्यावर

विमानाचे बोर्डिंग पास आणि जहाजाची पावती जपून ठेवा. पुढच्या व्हिसाच्या अर्जाला हे कागद उपयोगी पडतात. टीसीएस कापला असेल तर त्याचा दाखला जुलैच्या आत विवरणपत्र भरणाऱ्याकडे द्या. आणि घरी पोहोचल्यावर पहिले दोन दिवस ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नका, कारण आठवडाभर डुलण्याची सवय झालेल्या अंगाला जमीन हलल्यासारखी वाटते. व्याही २१ तारखेला संध्याकाळी ओसरीवर बसले आणि उठताना त्यांनी खांब धरला. शेजाऱ्याने विचारले तेव्हा त्यांनी फक्त "वारा आहे जी" एवढेच सांगितले.